ठाण्याच्या हवेत पु-एर मुरवायचा, तर ओलावा द्यायचा नाही, अडवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कामानिमित्त दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोऊला जाणं-येणं असतं. तिथल्या फांगत्सुनच्या चहाबाजारातून तुम्ही गेल्या महिन्यात कच्च्या पु-एरचं (चीनच्या युनान प्रांतातला, चकत्यांत दाबून वर्षानुवर्षं मुरवायचा चहा) सात चकत्यांचं एक थोंग, म्हणजे गठ्ठा, बांबूच्या सालात बांधलेला, आणि पक्क्या पु-एरच्या दोन चकत्या आणल्यात. घर ठाण्यात, खाडीच्या बाजूला, आईवडील पुण्यात. चहा कुठे ठेवावा, परदेशातली मंडळी वापरतात ती ओलावा राखणारी पाकिटं मागवावीत का, फ्रिज चालेल का, पक्क्या चकतीवर पांढरट दिसतंय ते काय, वेष्टनावर ७५४२ छापलंय म्हणजे चहा १९७५ चा का, आणि वीस वर्षांनी याचे चांगले पैसे येतील का. सगळ्याची उत्तरं देते, फक्त तुमच्या क्रमाने नाही, कारण सध्या ऑगस्ट आहे आणि पहिली गोष्ट तातडीची आहे.

चहा खोलीत उघडा ठेवला असेल तर आज संध्याकाळपर्यंत बंद करा. जाड, झिप असलेल्या, आतून ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पिशव्या मिळतात, त्यात चकत्या कागदी वेष्टनासकट घाला. सोबत छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाका, हवा हाताने दाबून काढा, झिप लावा. दोन दिवसांनी आकडा बघा. ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर निश्चिंत राहा. ७० च्या वर असेल तर चहा प्रवासातच, किंवा तिथल्या दुकानातच, ओल पिऊन आलाय. ग्वांगझोऊचा उन्हाळा आपल्या पावसाळ्याइतकाच दमट असतो, त्यामुळे याचं नवल नाही. अशा वेळी मोठ्या डब्यात तळाशी सिलिका जेलची पुरचुंडी, वर जाळी किंवा पुठ्ठा, त्यावर चकत्या, आणि झाकण. रोज आकडा बघायचा आणि ६५ च्या जवळ आला की सिलिका काढून टाकायची. सिलिका विसरून महिनाभर आत राहिली तर चहा ठणठणीत कोरडा होतो, आणि मग तो नुसता पडून राहतो, मुरत नाही.

आता मूळ मुद्दा. पु-एर घरी ठेवण्याबद्दल इंग्रजीत जे वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं कॅनडा, इंग्लंड, अमेरिकेतल्या लोकांनी आपापल्या घरासाठी लिहिलेलं आहे. त्यांच्याकडे हिवाळ्यात घर तापवलं की आतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते. चहा वाळतो, वास हरवतो, बदल थांबतो. म्हणून ते बंद पडलेला फ्रिज किंवा वाइनचं कपाट घेतात, त्यात पाण्याची वाटी किंवा खारांची पाकिटं ठेवतात आणि आत एक छोटी दमट खोली तयार करतात. त्यांच्यासाठी ते अगदी बरोबर आहे. टोरंटोला किंवा लंडनला राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी तेच करावं. पण ठाण्यात, रत्नागिरीत, पणजीत तीच युक्ती केली तर जुलै संपायच्या आत चहाला बुरशी येईल. आपल्या किनारपट्टीवर चहाला ओलावा द्यावा लागत नाही, चार महिने तो अडवावा लागतो. हे एवढं पक्कं ध्यानात ठेवलंत तर पुढचं बरंच काही आपोआप सुचेल.

पु-एर मुरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कळलं तर नियम पाठ करावे लागत नाहीत. हा चहा युनान प्रांतातल्या मोठ्या पानांच्या झाडांपासून होतो. जात आपल्या आसामच्या चहाचीच, कॅमेलिया सायनेन्सिसची असामिका. पानं थोडी सुकवून कढईत परततात, हाताने मळतात आणि उन्हात वाळवतात. हिरव्या चहात परतताना पानातली विकरं पूर्ण निकामी केली जातात. पु-एरमध्ये आच जपून देतात, त्यामुळे थोडी शिल्लक राहतात. उन्हात वाळवण्याचंही कारण तेच, भट्टीच्या हवेइतकं पान तापत नाही. मग वाफेवर मऊ करून दाबतात आणि चकती, वीट किंवा वाटीच्या आकाराचा तुओचा तयार होतो. हा कच्चा पु-एर, चिनी भाषेत शंग. पुढची वर्षं पानातली कडू-तुरट द्रव्यं, मुख्यतः कॅटेचिनं, हवेतल्या ऑक्सिजनने आणि पानावरच्या सूक्ष्मजीवांमुळे हळूहळू मोठ्या तपकिरी रेणूंमध्ये बदलत जातात. चहाचा रंग पिवळ्यावरून नारिंगी, पुढे तांबूस होतो. कडवटपणा उतरतो, फुलांचा, कच्च्या फळाचा वास जाऊन सुकी फळं, जुनं लाकूड, कधी कापूर असे वास येतात. या सगळ्याला तीन गोष्टी लागतात: ऊब, ओलावा आणि थोडी हवा. ओलावा कमी पडला तर काम थांबतं, जास्त झाला तर बुरशी पुढे सरसावते. मधली पट्टी अरुंद आहे.

पक्का पु-एर, म्हणजे शौ, वेगळा. हाँगकाँगच्या ग्राहकांना मुरलेल्या चहाची चव हवी होती आणि वीस वर्षं थांबायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा १९७३ च्या सुमारास युनानची राजधानी कुनमिंग इथल्या कारखान्याने ग्वांगडोंग प्रांतातल्या (ग्वांगझोऊ त्याच प्रांतात आहे) पद्धती पाहून पानांचे ढीग लावायचे, पाणी शिंपडायचे, झाकून ठेवायचे आणि मधूनमधून उलथायचे प्रयोग केले. युनानमधल्याच मंगहायच्या कारखान्यानेही तेच काम पुढे नेलं. ढिगाच्या आत सूक्ष्मजीवांमुळे इतकी उष्णता तयार होते की हात घालवत नाही. दीड-दोन महिन्यांत पान काळपट होतं. म्हणजे पक्क्या चकतीतलं मोठं काम कारखान्यातच उरकलेलं असतं. तुमच्या घरी तिचा ढिगाचा कोंदट वास जाईल, चव जरा गोल होईल, एवढंच. ती लगेच प्यायला घ्या. जी सगळी काळजी घ्यायची ती कच्च्या थोंगची.

हेच पान वेगवेगळ्या गावांत ठेवलं की वेगवेगळा चहा होतो, आणि याचा पुरावा बाजारातच मिळतो. कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर, हवा थंड आणि बरीच कोरडी. तिथे ठेवलेला चहा दहा वर्षांनीही तरुण, वासाला उंच आणि बराचसा कडू राहतो. हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांनी उलट टोक गाठलं. तिथे डिमसमसोबत, म्हणजे वाफवलेल्या छोट्या खाण्यासोबत, पु-एर पितात, बऱ्याचदा शेवंतीची सुकी फुलं घालून, आणि उपाहारगृहांना स्वस्त, मऊ, लवकर तयार होणारा चहा हवा असतो. म्हणून माल आधी दमट तळघरात ठेवायचा, मग वरच्या कोरड्या जागी काढून ओलीचा वास उडू द्यायचा, अशी रीत पडली. त्या चहाला ओल्या मातीचा, जुन्या तळघराचा वास असतो. काहींना तो फार आवडतो. मला स्वच्छ साठवलेला जास्त आवडतो. त्याच हाँगकाँगमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत बनलेला मंगहायचा ७५४२ कोरड्या जागी ठेवला गेला आणि तो पुढे ‘८८ छिंग’ नावाने गाजला. ग्वांगडोंगमधलं डोंगग्वान आज चहाच्या खासगी गोदामांसाठी ओळखलं जातं. आणि क्वालालंपूरसारख्या सदा उबदार गावात चहा वेगाने आणि, जागा नीट असेल तर, स्वच्छही मुरतो.

ठाणं यात कुठे बसतं? क्वालालंपूरच्या बरंच जवळ. वर्षभर खोलीचं तापमान २५ ते ३३ अंशांच्या आसपास. ही ऊब फुकट मिळते, आणि कुनमिंगच्या गोदामवाल्याला ती मिळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बेताची दमट. फक्त जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम सोडतात. त्यामुळे तुम्ही पुण्याला चहा पाठवायची गरज नाही. ठाणं चांगलं आहे, चार महिने सांभाळले तर.

सांभाळायचं असं. पाऊस ओसरला, ऑक्टोबरचा उकाडा संपला, दिवाळी झाली की थोंग सोडा. बांबूचं साल काढून टाका. दिसायला देखणं असतं, पण त्यात ओल टिकते आणि लाकूड पोखरणारे किडे येऊ शकतात. युनानच्या गोदामात ते शोभतं. कागदी वेष्टनं मात्र राहू द्या. चकत्या स्वच्छ, बिनवासाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सैल रचा, झाकण उघडंच ठेवा, आणि घरातल्या सगळ्यात शांत खोलीत दोन-तीन आठवडे राहू द्या. चहा या काळात खोलीच्या हवेशी जुळवून घेतो. मग मापक आत ठेवून खोकं बंद करा. दुसऱ्या दिवशी आकडा ६० ते ६५ च्या मधला असेल, तर तोच क्षण धरा. चकत्या त्या जाड पिशवीत भरा, झिप लावा, पिशवी स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवा. आता चहाने त्या पिशवीतली आर्द्रता स्वतःच धरून ठेवलेली असते. पिशवीतल्या हवेत मावणारं पाणी अगदी थोडं, चकत्यांमधलं त्याच्या कित्येक पट. त्यामुळे आकडा सहज हलत नाही. पिशवी जितकी भरलेली तितकं हे पक्कं. मोठ्या पिशवीत एकुलती एक चकती ठेवू नका.

परदेशी लेखांत ६५ ते ७० टक्के सांगतात, मी ६० ते ६५ का सांगते? कारण आपलं तापमान जास्त आहे. त्याच आर्द्रतेला ३० अंशांवर सगळं वेगाने घडतं, मुरणंही आणि बुरशीही. ७० च्या आसपास आपल्या उकाड्यात मी चहा ठेवणार नाही, ७५ च्या वर तर कुणीच ठेवू नये.

‘चहाला श्वास घेऊ द्यावा’ हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असणार. गोदामात टनावारी चहा असतो, त्या खोलीची हवा चहाच ठरवतो, तिथे हे खरं आहे. आपल्या घरात सात चकत्या उघड्या ठेवल्या तर चहा घराला वास देत नाही, घर चहाला वास देतं. लागणारा ऑक्सिजन इतका थोडा आहे की वर्षातून एकदा-दोनदा पिशवी उघडणं पुरतं. बंद आणि उबदार ठेवलेला कच्चा पु-एर व्यवस्थित मुरतो, वासही घट्ट राहतो, असा माझा अनुभव आहे. या बाबतीत जुन्या शहाण्यांशी माझं मत जुळत नाही आणि मी ते बदलायला तयार नाही.

पाकिटांचं. बोव्हेडासारखी दोन्ही बाजूंनी काम करणारी पाकिटं ओलावा देतातही आणि शोषतातही. वरच्या पद्धतीने योग्य वेळी बंद केलंत तर ठाण्यात ती लागत नाहीत. मनाच्या समाधानासाठी टाकायचीच असतील तर ६२ चं टाका. ते फुगत गेलं तर पिशवीत कुठून तरी बाहेरची हवा शिरतेय असं समजा. मला ती पाकिटं या इशाऱ्यासाठीच उपयोगी वाटतात. पुण्यात त्यांना खरं काम आहे. तिथे पावसाळ्यात हवा दमट असली तरी फेब्रुवारी ते मे दुपारी आर्द्रता तिशीच्याही खाली जाते. पुण्यात ठेवायचं झालं तर दसऱ्याच्या आसपास, हवा उतरता उतरता ६५ ला येते तेव्हा बंद करा. दिवाळीनंतर थांबलात तर उशीर होतो. सोबत ६५ चं पाकीट घाला आणि एप्रिलमध्ये ते कडक झालंय का बघा.

नागपूर-अकोल्याच्या वाचकांसाठी एक सांगून ठेवते. तिकडे उन्हाळ्यात डेझर्ट कूलर लावतात. बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडी, पण कूलरच्या झोतात आर्द्रता एकदम चढते आणि रात्री कूलर बंद केला की पडते. चहा त्या खोलीत ठेवायचाच नाही. घराच्या मधल्या, खिडकी नसलेल्या खोलीत, जमिनीलगत, बंद पिशवीत ठेवायचा.

एसीचंही असंच, फक्त उलट. ३० अंशांच्या हवेत दर घनमीटर सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते, २४ अंशांच्या हवेत सुमारे २२ ग्रॅम. पावसाळ्यात बाहेरची ८० टक्के दमट हवा, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम पाणी, थंड केलेल्या वस्तूला भिडली की उरलेलं पाणी त्या वस्तूवरच बसतं. एसीच्या खोलीतून थंडगार डबा बाहेर आणून लगेच उघडला तर नेमकं हेच होतं. डबा बंदच ठेवून तासभर बाहेर राहू द्या, मग उघडा. फ्रिज याच कारणासाठी नको, शिवाय थंडीत मुरणं जवळजवळ थांबतं आणि शेजारी चिरलेला कांदा असतो.

डबा ठेवायची जागा: पश्चिमेची भिंत टाळा. दुपारनंतर ती तापते, पिशवीची एक बाजू गरम आणि एक थंड राहते, आणि आतला ओलावा थंड बाजूच्या चकतीत जमा होतो. संडास-बाथरूमला लागून असलेली भिंतही नको. माळा उन्हाळ्यात फार तापतो. शोकेसमध्ये, उजेडात, दिसायला छान म्हणूनही नको. उजेडाने वास लवकर मरतो.

आता वास. आर्द्रतेच्या चुकीने चहा जितका बिघडतो तितकाच आपल्या घरांत वासाने बिघडतो, आणि याबद्दल बाहेरचं कुणी सांगणार नाही, कारण त्यांच्या कपाटात डांबरगोळ्या नसतात. लोखंडी कपाटात साड्यांच्या शेजारी चहा ठेवला तर पहिल्याच उन्हाळ्यात तो डांबरगोळीचा होतो, आणि तो वास काही केल्या निघत नाही. देवघराजवळ उदबत्ती, धूप, कापूर. स्वयंपाकघरात फोडणी, हिंग, गोडा मसाला, तळण. नव्या फर्निचरमध्ये प्लायवूड आणि सरसाचा दर्प, तो वर्ष-दोन वर्षं राहतो. चंदनाची पेटी तर अजिबात नको. चिनी मातीची बरणी उत्तम, जाड, आतबाहेर झिलई दिलेली. पण लोणचं-मुरंब्याची जुनी बरणी कितीही धुतली तरी चालत नाही, आणि तोंडाला नुसता दादरा बांधून पावसाळा काढता येत नाही. बिनझिलईची कुंभाराची बरणी ओल आत घेते, ती किनारपट्टीवर नकोच. प्लास्टिकचा डबा घ्यायचा तर आधी आठवडाभर बंद ठेवून उघडा आणि वास घ्या. नाकाला काही कळलं तर परत करा. कच्चा आणि पक्का वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, एकाचा वास दुसऱ्याला लागतो. दार्जिलिंग, मसाला चहा, कॉफी यांच्याशी तर दोघांचाही शेजार नको.

मापकाविषयी. चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मापक सर्रास चार-पाच टक्के चुकतो, आणि आपली सुरक्षित पट्टीच तेवढी आहे. म्हणून तो आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. मिठाच्या अशा लगद्यावर हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७१ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी चार मिळवा. हे न करता कुणी मला ‘माझ्याकडे बरोबर ६३ आहे’ असं सांगितलं तर मी त्यावर विसंबत नाही.

तुमच्या पक्क्या चकतीवरचं पांढरट. फोटोवरून निदान करणार नाही, तुम्हीच भरदिवसा खिडकीशी नेऊन भिंगाखाली बघा. कोवळ्या कोंबांची टोकं कच्च्या चहात रुपेरी आणि पक्क्यात सोनेरी दिसतात. ती पानाचाच भाग असतात, पुसून जात नाहीत. फिकट पावडरीसारखा थर असेल आणि वास कोंदट असेल तर दमट साठवण झालीय. कापसासारखे तंतू, करडे, हिरवे, काळे ठिपके, किंवा वास घेताच नाक मागे यावं असं काही असेल तर ती जिवंत बुरशी. चकती फोडून आतही बघा. बाहेरून ब्रशने झटकून ‘वरवरचंच होतं’ म्हणून पिणारे लोक आहेत. मी पीत नाही आणि तुम्हालाही पिऊ देणार नाही. काही बुरशी विषारी द्रव्यं सोडतात आणि उकळत्या पाण्याने ती जात नाहीत. पिवळे बारीक दाणे दिसले तर त्यांना चिनी लोक ‘सोनेरी फुलं’ म्हणतात. हुनानच्या फू विटांमध्ये ती मुद्दाम वाढवतात. तुमच्या चकतीत ती कुणी मुद्दाम वाढवलेली नाहीत, तेव्हा नवख्याने पिवळा रंग दिसला की बाजूलाच ठेवावा. ही चकती कच्च्यांपासून आजच वेगळी करा, निदान होईपर्यंत.

७५४२ चं उत्तर सोपं. तो आकडा चहाच्या वयाचा नाही, कृतीचा आहे. ७५ म्हणजे मिश्रण १९७५ मध्ये ठरलं, ४ म्हणजे पानाची प्रत, आणि शेवटचा २ म्हणजे मंगहायचा कारखाना. कुनमिंगचा १, श्याग्वानचा ३. चकती कधी दाबली ते वेष्टनाच्या मागे छापलेली तारीख सांगते, आणि नवी चकती असेल तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ७५४२ कच्चा, ७५७२ पक्का. पु-एर शिकायला या दोन्ही चांगल्या आहेत, कारण वर्षानुवर्षं बनतायत आणि तुलना करता येते. डोंगरांची नावं मात्र जपून वाचा. ईवूचा चहा मऊ, गोडसर. बुलांगचा कडू आणि दणकट. लाव बानझांग हे बुलांग डोंगरातलं एक छोटं गाव. त्याच्या नावाने जितका चहा बाजारात फिरतो तितका त्या गावात होणं शक्य नाही. अशी चकती तुम्हाला जेवणाच्या बिलाएवढ्या पैशांत मिळाली असेल तर ती तिथली नाही.

मुरवण्यासाठी घेताना एक खूण बघा. ताजी असतानाच गोड, सुगंधी, हिरव्या चहासारखी सोपी लागणारी चकती बऱ्याचदा कढईत जास्त तापवलेली असते. ती पुढे फिकी पडते. कडूपणा असावा, पण जिभेवर अडकून बसू नये. घोट गिळल्यावर घशात गोडवा परतून यावा. हे असेल तर ती चकती दहा-पंधरा वर्षं काढते. नसेल तर कितीही चांगल्या जागी ठेवा, साठवण चहाला नवे गुण देत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगते. २००३-०४ नंतर चीनमध्ये पु-एरचे भाव चढत गेले, लोकांनी घरंदारं गहाण टाकून माल भरला, आणि २००७ मध्ये बाजार कोसळला. त्यानंतरही भाव पुन्हा वर-खाली झाले. तिथे निदान घेणारा असतो. भारतात तुमच्या घरी वीस वर्षं ठेवलेला चहा कुणाला विकणार? साठवण कशी झाली याचा पुरावा तुमच्या शब्दापलीकडे काही नाही. आणा तो प्यायला. हिशेब करा: एका चकतीचं वजन ३५७ ग्रॅम, एका वेळेला ७ ग्रॅम, म्हणजे सुमारे पन्नास बैठका. आठवड्यातून तीनदा प्यायलात तर वर्षाला तीन चकत्या संपतात. तुमचं थोंग, न मुरवता, सव्वादोन वर्षांत संपेल. त्यामुळे खरोखर मुरवायचं असेल तर रोजच्या पिण्याचा चहा वेगळा ठेवा, नाहीतर पाचव्या वर्षी मुरवायला काहीच उरणार नाही.

पिताना: ७ ग्रॅम, १०० मिलीलिटरचा गायवान (झाकणाचा चिनी कप), खळखळ उकळलेलं पाणी. पहिलं पाणी लगेच ओतून टाका, पक्क्यासाठी दोनदा. मग दहा सेकंदांपासून सुरुवात करून हळूहळू वेळ वाढवा. चांगलं पान दहाएक वेळा तरी रंग देतं. पाणी धरणाचं असेल तर उत्तम, बोअरच्या जड पाण्यात चहा बोथट लागतो. थोंगमधली एक चकती फक्त चाखण्यासाठी राखा. दरवर्षी डिसेंबरात तिच्यातून मोजून तेवढंच पान घ्या, तेच भांडं, तेच पाणी, आणि वहीत रंग, वास, कडूपणा लिहून ठेवा. तिसऱ्या ते सातव्या वर्षाच्या दरम्यान चहा एकदम मुका वाटेल. ताजेपणा गेलेला असतो, नवं काही आलेलं नसतं. या टप्प्यावर लोक कंटाळून वाटून टाकतात. तुम्ही वाटू नका. आकडा ६० ते ६५ मध्ये असेल आणि वास स्वच्छ असेल तर काहीही बिघडलेलं नाही.

थोडं आडवाटेचं, पण तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. आसाम-अरुणाचलच्या सीमेवरचे सिंगफो लोक ‘फालाप’ नावाचा चहा करतात. भाजून उन्हात वाळवलेली पानं बांबूच्या नळीत ठासतात आणि नळी चुलीवरच्या धुरात टांगून ठेवतात, काही वर्षंसुद्धा. युनानमधले जिंगपो हे त्यांचेच भाऊबंद. त्याची चव धुराची, पु-एरच्या जागी धरू नका, पण मोठ्या पानाचा, दाबलेला, वर्षानुवर्षं ठेवायचा चहा आपल्याकडेही आहे. मिळाला तर घ्या आणि पु-एरपासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवा, कारण धुराचा वास थांबत नाही.

चकती फोडायला सुरी नको. तिथे खास टोच्या मिळतो, नाहीतर गोणपाट शिवायचं दाभण चालतं. वरून घुसवायचं नाही. बाजूने, पानांच्या थरांना समांतर आत घालून हलकं उचकटायचं, आणि दुसरा हात टोकाच्या समोर येऊ द्यायचा नाही. थर सुटत येतात, पान तुटत नाही. श्याग्वानची घट्ट दाबलेली चकती असेल तर जोर लावू नका, कडेने थोडं थोडं घ्या. सुरुवात त्या दुसऱ्या, स्वच्छ असलेल्या पक्क्या चकतीपासून करा. कच्च्यातलं चाखण्यापुरतं पान आत्ता पावसात काढू नका, डिसेंबरात पिशव्या बंद करताना काढा. आणि मापकाची मिठाची परीक्षा आज रात्रीच लावून ठेवा, म्हणजे उद्या मापक परत पिशवीत टाकल्यावर दिसणारा आकडा खरा कळेल.